आशालताबाईंच्या गोठ्यातले संगणकवाले

घोटावड्यात आशालताबाई गोळ्यांना लोक अजूनही 'अंगणवाडीच्या बाई' म्हणूनच ओळखतात. उभी हयात त्यांनी गावाची पोरं सांभाळण्यात घालवली. आईसाठी टाहो फोडणारं पोर असो की दुसऱ्याच्या ताटलीत हात घालणारं, बाईंनी नुसते डोळे वटारले की ते मुकाट सतरंजीवर बसायचं आणि पुढ्यातली खिचडी संपवायचं. गावातले निम्मे कर्ते पुरुष त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यामुळे माणसाला वळण कसं लावायचं हे आपल्याला कळतं, असा बाईंचा समज होता. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तो समज धुळीला मिळायचा.

कारण त्या दिवशी त्यांच्या गोठ्यात संगणकवाले जमायचे.

हा उद्योग त्यांच्या मालकांचा. अण्णासाहेब पिरंगुटच्या एका कारखान्यात मशीनदुरुस्तीला होते. रिटायर झाल्यावर कुणी भजनाला जातं, कुणी पारावर बसतं. यांना जुन्या संगणकांचा नाद लागला. हिंजवडीच्या ऑफिसांतून भंगारात निघालेली यंत्रं ते टेम्पोत घालून आणायचे. जनावरं विकल्यापासून गोठा रिकामाच होता. गव्हाणीवर फळ्या टाकून तिथं त्यांनी ती मांडली आणि बघता बघता त्या गुळाला मुंगळे लागले. भूगावच्या सोसायटीतला पियूष आला, पौडला मोबाइलचं दुकान चालवणारा जुनैद आला, मारुंजीला राहणारा, मूळचा परभणीचा ऋषिकेश आला, मग त्यांच्या ओळखीचे आणखी काही. 'मुळशी संगणकप्रेमी मंडळ' अशी पाटीही दाराला लागली. बाईंना कुणी विचारलं नव्हतं.

जाच म्हणाल तर एक ना दोन. गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेल्या, तर धोतरावर आधीच कीबोर्डची धुतलेली बटणं पसरलेली. पापडाच्या डब्यात हात घातला, तर आत स्क्रू. वाटण करायला मिक्सर लावला की गोठ्यातून ओरडा, "काकू, थांबा थांबा, मशीन बंद पडतंय!" आणि पोहे झाले म्हणून हाक मारली की उत्तर ठरलेलं, "काकू, दोनच मिनिटं." त्या दोन मिनिटांत पोह्यांचा दगड व्हायचा.

"माझी अंगणवाडीतली पोरं बरी," त्या अण्णासाहेबांवर करवादायच्या. "त्यास्नी भूक तरी कळायची."

अण्णासाहेब नुसते हसायचे. त्यानं बाईंचं डोकं आणखी तापायचं.

यंदा मंडळाचा वर्धापनदिन आला तेव्हा अण्णासाहेब म्हणाले, "या बारीला कामाचं काय न्हाई बघ. निस्ता स्नेहमेळावा. समदे येणार, जेवणार, चार गप्पा मारणार."

बाई हरखल्या. घरच्या बायका येतील, लेकरं येतील, अंगण भरेल. त्यांनी पहाटेपासून चूल पेटवली. इंद्रायणीचा भात, काळ्या वाटाण्याची आमटी, भरीत, भाकरी, वर गुळाची लापशी. पडवीत पट्ट्या अंथरल्या. लेकरांसाठी बिनतिखटाची आमटी वेगळी काढून ठेवली.

पाहुणे आले ते प्रत्येक जण एकटा, आणि प्रत्येकाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग.

"घरची मानसं कुटं हायेत?" बाईंनी पियूषला विचारलं.

"त्यांना बोअर होतं काकू," म्हणत तो थेट गोठ्याकडे वळला.

गोठ्यात महिनोन्‌महिने मुडद्यासारखा पडलेला एक जुनाट संगणक त्या दिवशी नेमका जागा व्हायच्या बेतात होता. सगळे त्याच्याभोवती घोळका करून उभे. पडद्यावर दोन हिरव्या ओळी उमटायच्या, पुन्हा अंधार व्हायचा, की लगेच वाद. पियूष म्हणे दोष मेमरीचा, जुनैद म्हणे पॉवर सप्लायचा. बाईंनी पानं वाढून हाक मारली. दोन मिनिटं. पुन्हा हाक मारली. "आलोच काकू." तिसऱ्यांदा त्या स्वतः गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तर कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अण्णासाहेब तर त्या डबड्याखाली उताणे पडले होते, फक्त पाय दिसत होते.

बाई परत फिरल्या, पडवीत आल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

गोठ्यात एकदम शांतता पसरली. "लाईट गेली," कुणीतरी नेहमीच्या सुरात म्हणालं.

"लाईट गेली न्हाई," बाई पडवीतून कडाडल्या. "मी घालवली. उटा. हात धुवा. पानावर बसा."

वळण लागलेल्या पोरांसारखे सगळे निमूटपणे येऊन बसले. पण बसले ते घुम्यासारखे. कुणी भाकरीचा पदर सोलत होतं, कुणी मीठ चिमटीत धरून बसलेलं. यंत्रापुढे जी तोंडं थांबत नव्हती, त्यांना आता शब्द सुचेना. बाईंना ती शांतता सहन होईना.

"जुनैद, या पियूषला लेकरं किती रं?"

जुनैदनं पियूषकडे पाहिलं. "एक... मुलगा ना?"

"मुलगी," पियूष म्हणाला. "जुईली. दुसरीत आहे."

"आन् ह्याचं लगीन झालंय का?" बाईंनी जुनैदकडे बोट करून पियूषला विचारलं.

जुनैदच ओशाळून म्हणाला, "झालं ना काकू, गेल्या वर्षी. शमा नाव तिचं."

"ह्याच्याकडं मशीन कुठलं हाय, ते ठाव असंल की?"

"हो, ते माहिती आहे," पियूष म्हणाला आणि स्वतःच खाली बघायला लागला.

"धन्य हाय तुमची!" बाईंनी कपाळाला हात लावला. "एका ताटात जेवता आन् कुणाच्या घरात कोन हाय ते ठाव न्हाई. तू बोल रं ऋषिकेश. बायको कुटं हाय तुजी?"

ऋषिकेश एवढा वेळ खाली मान घालून जेवत होता. भात दुसऱ्यांदा घेतला होता. तो म्हणाला, "परभणीला आहे. माहेरी."

"बाळंतपनाला?"

"नाही." त्याचा हात थांबला. "फ्लॅट सोडला आम्ही. माझा जॉब दिवाळीतच गेला काकू. मी मारुंजीत शेअरिंगवर राहतो. खोलीतल्या पोरांना कळू नये म्हणून रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतो. गावाकडे आईलाही अजून सांगितलेलं नाही."

आमटीचं पातेलं हातात धरून बाई तशाच उभ्या राहिल्या.

"अरे, तू परवा माझ्याकडे येऊन अख्खा दिवस सर्व्हर लावून दिलास," पियूष चिडूनच बोलला. "एका शब्दानं बोलला नाहीस?"

"विषय निघाला नाही," ऋषिकेश म्हणाला.

"इषय निघाला न्हाई!" बाईंचा आवाज चढला. "आरं, ह्याचं घर मोडायला आलं आन् तुमचा इषय निघंना? ते डबडं चालू व्हतंय का न्हाई, एवढाच इषय व्हय?" त्यांनी ऋषिकेशच्या पानावर पळीभर आमटी ओतली. "जेव तू."

त्यानंतर जे झालं त्यावर हसावं की रडावं, हे बाईंना अजून कळलेलं नाही. पियूष अर्ध्या पानावरून उठला, हात धुऊन लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, "तुझा रेझ्युमे पाठव." जुनैद त्याच्या मागे जाऊन बसला. तो रेझ्युमे बघून म्हणाला, "हे काय लिहिलंय, असं कोण वाचेल?" अण्णासाहेबांनी गुपचूप मेन स्विच वर केला. घटकाभरात सगळी डोकी पुन्हा एका पडद्याभोवती आणि वाद सुरू: अनुभव आधी लिहायचा की शिक्षण, अक्षर कुठलं घ्यायचं, ओळ ठळक करायची की नको. लापशी तशीच राहिली. तिच्यावरचं तूप थिजलं.

"आवं, लापशी!" बाई ओरडल्या.

"काकू, दोन मिनिटं."

बाईंनी लापशीची वाटी ऋषिकेशच्या हातात दिली. "तू खा. त्यांस्नी भांडू दे."

वाटी हातात धरून तो पहिल्यांदाच हसला.

नोकरी काही लगेच लागली नाही. पियूषच्या ओळखीनं दोन जागी बोलावणं आलं, दोन्ही ठिकाणी नकार मिळाला. शेवटी अण्णासाहेबांच्या एका जुन्या सोबत्यानं पिरंगुटकडच्या एका कारखान्यात शब्द टाकला, तिथं संगणक सांभाळायला ऋषिकेशला घेतलं. पगार पहिल्यापेक्षा कमी. पण बायको क्षितिजा परत आली आणि आईला त्यानं सगळं सांगून टाकलं. आई फोनवर रडली, मग बरंच काही बोलली.

बाईंनी मंडळाला नियम घातला, घरची माणसं आणल्याशिवाय पान मिळायचं नाही. नियम सगळे पाळतात. आता दुसऱ्या रविवारी शमा येते, जुईली येते, क्षितिजा येते, पियूषचे सासूसासरेसुद्धा एकदा येऊन गेले. एकमेकांच्या घरचं सगळ्यांना कळतं. बाईंना मात्र दुप्पट भाकऱ्या थापाव्या लागतात आणि संध्याकाळी कंबर धरते. वर क्षितिजाला गोठ्यातल्या यंत्रांची गोडी लागली. मदतीला म्हणून पडवीत बसलेली ती पोरगी भाकरीचं पीठ मळता मळता कधी गायब होते, कळतही नाही.

मागच्या खेपेला बाईंनी तिलाच हाक मारली, "आगं, भाकरी करपतीया!"

गोठ्यातून तिचा गोड आवाज आला, "आले काकू, दोनच मिनिटं!"

बाईंनी करपलेली भाकरी तव्यावरून उचलून बाजूला टाकली, अण्णासाहेबांच्या नावानं एक सणसणीत शिवी हासडली आणि दुसरा गोळा हातात घेतला.