तुळजाबाईचा फिरंगी धोतरा

पेशवाईच्या भरातली गोष्ट. कसब्याच्या खाली, मुठेच्या वाळूत तुळजाबाईची वाडी होती. पावसाळ्याचं पाणी ओसरलं की ती वाळूत खड्डे घेऊन खरबुजं लावायची आणि उन्हाळ्यात ती विकून वर्ष काढायची. नवरा गेलेला, पदरात दोन पोरी, आणि बाई अशी खमकी की घाटावरचे भटजीसुद्धा तिला बघून वाट बदलायचे.

एका शिवरात्रीला पांढरा धोतरा कुठं मिळेना. तुळजाबाईनं काठावर नव्यानंच उगवलेल्या एका झाडाची पिवळी फुलं परडीत भरली. पानं काटेरी, लोक त्याला फिरंगी धोतरा म्हणायचे. बाईनं मात्र ठणकावून सांगितलं, महादेवाला हाच आवडतो. परडी हातोहात खपली. मग काय विचारता! बाईनं बोंडं वाळवून सगळ्या काठानं बी उधळलं आणि वर दम भरला की हे देवाचं झाड आहे, जो उपटेल त्याचं वाटोळं होईल.

झाड कसलं ऐकतंय? दोन पावसाळ्यांत पुराबरोबर बी वाडीवाडीत शिरलं. पुढच्या हिवाळ्यात खरबुजाच्या वेलांना हातपाय पसरायला जागा उरली नाही. जिकडेतिकडे काटे आणि पिवळाधमक बहर. फुलांना आता कुत्रं विचारीत नव्हतं, ती दारोदार फुकट होती. वेल गेले तर पोरी खाणार काय, या काळजीनं बाईला घास जाईना. पण स्वतःच शपथा घालून ठेवलेलं झाड उपटायचं कसं? ती नुसती वाळूत बसून राहायची; लोकांना वाटलं, बाई आजारी पडली.

शेवटी एका सकाळी, सगळा काठ बघत असताना, तिनं पदर खोचला, हाताला फडकं गुंडाळलं आणि पहिलं झाड मुळासकट उपसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. शेजारच्या वाडीतली म्हातारी मथुराबाई काठी टेकत आली.

"तुळजे, देवाचं झाड ना गं ते?"

"पाप लागलं तर मला लागू दे," तुळजाबाई म्हणाली. "चुकलं माझंच."

मथुराबाईनं काठी बाजूला टाकली आणि वाकून दुसरं झाड धरलं.

"चल, हात चालव. कधीची वाट बघतोय आम्ही. महादेवाला कोण भीत होतं? भीत होतो तुला."