कात्रीनं कापलेला मेहुणा

आमच्या कुंपणापलीकडच्या मिस आर्वेला स्ट्राउड यांचं वय एकोणऐंशी. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, "आला होता एक जण विचारायला. पण शेंगा वाळत घालायच्या होत्या. म्हटलं, नंतर ये." तो काही परत आला नाही. शेंगा मात्र त्या वर्षी फार छान वाळल्या, असं त्या आवर्जून सांगतात.

स्ट्राउडांची चार पिढ्यांची भुईमुगाची शेती. जमीन आता भावाचा मुलगा कसतो आणि घराण्याचे सगळे फोटो मिस आर्वेला सांभाळतात. इथं दक्षिण जॉर्जियात उन्हाळ्यात भिंतींनासुद्धा घाम फुटतो, तिथं कागदाची काय कथा! पण त्यांच्या देवदारी पेटीतला एकही फोटो बुरसलेला नाही. पिठाच्या जुन्या पिशव्यांचं धुवट कापड, त्यात एकेक फोटो गुंडाळलेला. दर फेब्रुवारीत, हवा कोरडी असते तेव्हा, सगळे बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर पंख्याखाली पसरायचे. सोबत आजोबांचा तारेचा चष्मा, खेचराच्या गळ्यातली पितळी घंटा, चार वर्षांची होऊन गेलेल्या एका आत्याची केसांची बट. हात धुतल्याशिवाय कशालाही शिवायचं नाही. मी उकडलेल्या शेंगा खाऊन आलो असेन तर दोनदा धुवायचे.

त्यांचा नियम एकच. माणसाचा फोटो टाकायचा नाही. माणूस वाईट निघाला तर तो त्याचा दोष, कागदाचा नाही.

या नियमाला एक अपवाद होता आणि तो अख्ख्या गावाला माहीत होता. तो म्हणजे रॉइस पिटमन, त्यांच्या धाकट्या बहिणीचा, नेड्राचा नवरा. एकाहत्तर साली तो चर्चमध्ये पियानो वाजवणारीला घेऊन पळाला. (तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये पियानोला साठीच्या पुढचीच बाई बसवतात.) नेड्राची मुलगी रिने तेव्हा दोन वर्षांची. मिस आर्वेलांनी त्याच आठवड्यात शिवणकामाची दातेरी कात्री घेतली आणि तेवीस फोटोंतून मेहुण्याचं मुंडकं कापून काढलं. तुकडे चुलीत घातले, असं सगळ्यांना सांगितलं. लग्नाच्या फोटोत नेड्रा हसत उभी आहे आणि शेजारी कोट, टाय, वर नागमोडी कडांचं भोक.

या ऑगस्टात चर्चच्या मेळ्यासाठी रिने अटलांटाहून आली. सोबत स्कॅनर. मेळ्यात मांडायला सगळ्या फोटोंच्या प्रती काढणार होती. मी मिस आर्वेलांच्या मागच्या ओसरीवर मोठ्या पातेल्यात शेंगा उकडत होतो आणि जाळीच्या दारातून, अर्थातच, ऐकत होतो.

"मावशी, तो दिसायला कसा होता गं?"

"उंच."

"उंच विजेचा खांबपण असतो."

"खांब एका जागी उभा राहतो."

"मस्करी नको. वसंतात टेक्सासहून कळलं की तो गेला. मी छप्पन्नची झालेय. रोज आरशात बघते, अर्धा चेहरा आईचा दिसतो. उरलेला कुणाचा आहे तेच मला ठाऊक नाही. मला त्याला माफ नाही करायचं. एकदा बघायचंय फक्त. आणि तू तर जाळून टाकलास."

आतून मिस आर्वेलांचा आवाज आला, "डॉयल, शेंगा बघ."

"बघतोय की, मिस आर्वेला."

"शेंगा बघ म्हटलं. दार नको बघूस."

मी तोंड फिरवलं. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, कोठीतली फळी करकरली. मग पुन्हा त्याच म्हणाल्या, "ये बाबा आत. मान लांब करून करून मोडशील. हात धू. दोनदा."

टेबलावर त्यांच्या आईची तपकिरीची डबी होती. झाकण उघडलं तर आत रॉइस. बरेच रॉइस. कुणी वाटाण्याएवढा, कुणी अंगठ्याच्या नखाएवढा, टोपीतला, बिनटोपीचा, डोळे मिटलेला.

"जाळले म्हणाली होतीस!" रिने म्हणाली.

"चूल पेटवली होती," मिस आर्वेला म्हणाल्या. "हातात घेऊन उभी राहिले. फोटो आहे गं. नाही टाकवले. मग चौपन्न वर्षं खोटं बोलले, दुसरं काय करणार?"

रिनेनं भिंग घेतलं. पहिल्या मुंडक्याकडे ती इतका वेळ बघत राहिली की मला गप्प बसावं लागलं, आणि ते मला जमत नाही. मग तिनं स्वतःच्या कानांना हात लावला. रॉइसचे कान मोटारीची दोन्ही दारं उघडी टाकावीत तसे होते. रिनेचेही तसेच आहेत. शाळेत आम्ही तिला त्यावरून छळलं आहे.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे होय!" आणि हसता हसता रडायला लागली.

मिस आर्वेलांनी एखाद्या पक्वान्नासारखी निगुतीनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. चिकटपट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. ती कागद खाते, असं त्यांचं मत. दातेरी कडा असल्यामुळे प्रत्येक मुंडकं आपापल्याच भोकात बसत होतं. मी घाईत एक रॉइसच्या सासूच्या मांडीवर बसवून दिलं.

"काढ ते!" मिस आर्वेला ओरडल्या. "आमची आई त्याला ओसरीवरसुद्धा बसू देत नव्हती."

चार वाजेपर्यंत बावीस बसली. डबी रिकामी झाली. लग्नाच्या फोटोत भोक तसंच.

"एक हरवलं वाटतं," मी म्हणालो.

"नेड्रानं नेलं," मिस आर्वेला म्हणाल्या.

रिनेनं भिंग खाली ठेवलं.

"सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत मोजली, तर एक कमी. डबीची जागा आम्हा दोघींनाच ठाऊक. मी विचारलं नाही, ती बोलली नाही. दर रविवारी एका बाकावर बसलो. तुझी आई जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, शवपेटीत ठेवाल तेव्हा माझं बायबल हातात द्या, उघडू नका. मी उघडलं नाही." त्या खळीची बोटं पुसत राहिल्या. "तिच्यासाठी कापला होता मी त्याला. तिला विचारायचंच राहिलं."

रिनेनं मावशीचा हात धरला, खळीसकट. मग लग्नाचा फोटो उचलून तसाच स्कॅनरवर ठेवला.

"भोकासकट?" मिस आर्वेलांनी विचारलं.

"आईनं नेलाय तो. मी कशाला परत मागू?"

रविवारी मेळ्यात फोटोंच्या फळ्यापुढे गर्दी झाली. मुंडकी परत आल्याची बातमी गावभर कशी झाली, ते मला विचारू नका. मिस आर्वेला शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि विचारेल त्याला बोटानं दाखवत होत्या, "हा आमचा मेहुणा, रॉइस." पन्नास वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकून म्हाताऱ्यांच्या हातातल्या बश्या कलंडल्या.

तेवढ्यात पाद्रीबाबांची बायको लग्नाच्या फोटोपाशी थबकली. "अय्या, हा एकच का राहिला जोडायचा?"

"तो राहिलेला नाही," मिस आर्वेला म्हणाल्या. "ते नेड्राचं खासगी आहे. पुढे सरका, मागे माणसं खोळंबलीत."