उजव्या बाजूची पदकं

मी सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याची बायको. त्याआधी मी एका तरुण लेफ्टनंटची बायको होते. तो लढाईत कामी आला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जखमी होऊनही त्यानं चौकी सोडली नाही, आणि चौकी आपल्याच ताब्यात राहिली. तो गणवेशात आला की म्हशीसुद्धा वाट सोडतात, असं त्याची आई म्हणायची. माझं दुसरं लग्नही तिनंच, म्हणजे आत्यांनी, पुढं होऊन लावलं. गावानं मात्र त्या दिवसापासून मला 'वीरपत्नी' म्हणणं बंद केलं.

सैन्यातली रीत अशी की पदक मिळवणारा ते डाव्या छातीवर लावतो आणि त्याच्या माघारी घरचं माणूस उजव्या. साताऱ्यात शहिदांच्या सन्मानाच्या कार्यक्रमात दरवर्षी आत्या त्याची पदकं पदरावर लावून ताठ बसायच्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचा फोन आला, "औंदा तू घाल."

"लोक काय म्हणतील, आत्या?"

"बोलणाऱ्याचं तोंड कुनी धरायचं? तू ये."

मेढ्याजवळच्या त्यांच्या घरी नवऱ्यासोबत पोचले, तर चुलत दीर आधीच येऊन बसलेले. "आवं काकी, ती आता दुसऱ्याच्या घरची," ते माझ्यादेखत म्हणाले.

"दुसऱ्या घरी तिला मीच धाडली. म्हणून त्यो तिचा कोण न्हवता व्हय?"

दीर चहा न पिताच उठले. मला बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू. आत्यांनी माझ्या उजव्या बाजूला पदकं टाचली.

कार्यक्रमात निवेदकानं हळूच विचारलं, "तुमचा उल्लेख काय करू?"

"वीरपत्नी," मी म्हणाले. नवरा समोरच बसला होता, तरी आवाज कापला नाही. मग मान वर करून मंचावर गेले. त्याचा अभिमान तर होताच. त्या दिवशी मला माझाही वाटला.

परतताना मेढ्याला थांबून पदकं काढून दिली, तर आत्यांनी घेतली नाहीत. "मी काय जन्माला पुरनार हाय? त्यो कसा हुता, हे आता तूच सांगायचंस."

सांगलीत आमच्या शोकेसच्या मधल्या कप्प्यात आमच्या लग्नाचा फोटो असतो. नवऱ्यानं तो उचलून खाली ठेवला आणि पदकं तिथं मांडली. "हितं उजेड चांगला पडतो," एवढंच तो म्हणाला.