कंपासपेटीतले इन्सुलिन

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आमच्या गणिताच्या बाई शिक्षककक्षात कपाटाकडे तोंड करून उभ्या राहत आणि म्हणत, “दोन मिनिटं मला हाक मारू नका हं.” घाटकोपरच्या आमच्या शाळेत त्या दोन मिनिटांविषयी बरेच तर्क होते. मी जप समजत असे. खेळाचे सर तपकीर म्हणत. अशी पाठमोरी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

खरे कारण मला आम्ही काही शिक्षक प्रशिक्षणासाठी दिल्लीला निघण्याच्या आठवड्यात कळले. बाई बाराव्या वर्षापासून इन्सुलिन घेत होत्या.

“लग्न जमताना आईनं बजावलं होतं, कुणाला कळता कामा नये. तेच अंगवळणी पडलं,” त्या म्हणाल्या. “औषध, सुया सगळं मोठ्या बॅगेत टाकते. हातातल्या बॅगेत सगळ्यांना दिसतील.”

“बाई, मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते. तिथे औषध गोठू शकतं. आणि बॅगच हरवली तर?”

इन्सुलिनवाचून एक दिवसही त्यांच्या जिवावर बेतला असता. डॉक्टरांनीही तेच सांगितले आणि सोबत पत्र दिले.

विमानतळावर नेमकी त्यांचीच पिशवी तपासणीसाठी बाजूला निघाली. मागे आम्ही पाच शिक्षक उभे. वर्दीतल्या मुलीने त्यातली कंपासपेटी उघडली. आत औषधाचे खोके, सिरिंज, कापूस आणि एक कर्कटक.

“हे काय, मॅडम?”

बाईंनी एकदा आमच्याकडे पाहिले. मग पत्र पुढे करून, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाल्या, “इन्सुलिन. मला रोज लागतं.”

मुलीने पत्रावरचे आणि खोक्यावरचे औषधाचे नाव ताडून पाहिले. “औषध, सुया न्या. हे टोकदार मात्र नेता येणार नाही.”

“अगं, ते मीच नववीतल्या एकाकडून जप्त केलंय.”

“मग आता आमच्याकडे जप्त.”

खेळाचे सर हसता हसता थांबले. “बाई, साखर मलाही आहे. गोळ्या शिट्टीच्या डबीत ठेवतो.”

“म्हणून शिट्टी वाजत नाही होय तुमची,” बाई म्हणाल्या.

विमानात जेवण आले तेव्हा त्यांनी माझ्या हातात कापूस दिला, पदर सावरून पोटावर सुई टोचली, सगळे जेवण संपवले आणि दिल्ली येईपर्यंत गाढ झोपल्या.

बाई आता निवृत्त होऊन मुलीकडे राहतात. शिक्षककक्षातल्या फ्रिजमध्ये, डब्यांच्या शेजारी, विज्ञानाच्या नव्या शिक्षिकेचे इन्सुलिन असते. खोक्यावर तिने स्वतःचे पूर्ण नाव लिहिले आहे, ठळक आणि सुवाच्य.