खुर्शीदाबाईंचा तिसरा गुरुवार

खुर्शीदाबाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. बोलतात तेव्हा टोचून बोलतात, आणि तेही चार माणसं ऐकत असतील अशा जागी. त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. त्यांच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण मी आयुष्यभर औषधांच्या नोंदींशिवाय काही लिहिलं नाही, आणि नेमका नोंदींतच घोळ करून बसलो. म्हणून भीत भीत लिहितो. गावाचं नाव घालत नाही. मूल गावाकडून वैनगंगेकडे येताना धानाचा पट्टा लागतो, त्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

बस स्टँडच्या मागे त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे कापूस पिंजायची मशीन, मागे दोन खोल्या. बाईंच्या केसांत, भुवयांत, ओढणीवर कायम कापसाचा भुरका. नवरा वारल्यावर लोकांना वाटलं, आता ही मशीन विकून माहेरी जाईल. त्या गेल्या नाहीत, कारण घरात मुश्ताक होता, त्यांचा धाकटा देवर. तेव्हा तिशीचा, आता चाळिशीला आलेला. मुश्ताकचं डोकं फिरलेलं आहे, असं गाव म्हणतं. मशीन सुरू झाली की तिच्या घरघरीतून त्याला कोणीतरी शिव्या देतं. मशीन बंद केली तरी ते बोलणं बंद होत नाही.

विधवा बाई आणि बिनलग्नाचा देवर एका घरात, म्हटल्यावर गाव गप्प बसणार नव्हतं. एकदा माझ्यासमोरच शेजारच्या किराणावाल्याने विचारलं, "बाई, देवराले काऊन सांभाळता? धाडून द्या ना नागपूरच्या पागलखान्यात."

"धाडतो ना," बाई गादीला टाके घालत म्हणाल्या. "तुमची माय बी सोबत देता का? ते बी रातभर बडबडते म्हणतात."

अशी त्यांची जीभ. त्यामुळे त्यांच्या दुकानात घासाघीस करायला फारसं कोणी जात नसे.

मुश्ताकला महिन्याला एक इंजेक्शन लागतं. ते मिळालं की तो दिवसभर कापूस पिंजतो, गाद्या भरतो, संध्याकाळी चौकात जाऊन चहा पिऊन येतो. चुकलं की तीनेक आठवड्यांत तो आधी झोप सोडतो, मग जेवण सोडतो, मग घर सोडतो. आमच्याकडे घर सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. गावाच्या तिन्ही बाजूंनी जंगल आहे. सरपणाला गेलेली बाई वाघाने नेली, ही बातमी आमच्याकडे वर्षातून दोन-तीनदा तरी येतेच.

इंजेक्शन द्यायला जिल्ह्याहून मानसिक आरोग्य पथक यायचं. दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पांढऱ्या गाडीतून एक डॉक्टर, एक समुपदेशक बाई आणि एक नर्स. तीसेक पेशंट तालुक्याच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसायचे. मी तिथला कंपाउंडर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण जागा भरलीच नाही म्हणून मला मानधनावर बसवलं होतं. पथकाच्या या उपचार केंद्राचं रजिस्टर माझ्याकडे असायचं.

गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून पथक येईनासं झालं. डॉक्टरांचा करार संपला, नवा वेळेवर झाला नाही, ते निघून गेले. जाहिरात निघाली, कोणी आलं नाही. मग गाडीवाल्याचाही करार संपला. एप्रिलच्या शेवटी मला जिल्ह्याहून फोन आला.

"कंपाउंडर, तुमच्या केंद्राचा आकडा शून्य दिसून राह्यला."

"साहेब, पथकच आलं नाही."

"ते मले नका सांगू. शून्य वर गेला तं पुढच्या वर्षी तुमचं केंद्रच उडते. निधी आकड्यावर येते. तुमाले केंद्र चालवाचं आहे का बंद कराचं आहे?"

मी रजिस्टर उघडलं आणि नेहमीची तीस नावं लिहिली. पुढे 'इंजेक्शन दिले', 'गोळ्या दिल्या'. पुढच्या महिन्यांतही तेच केलं. सगळं एकसारखं दिसू नये म्हणून दोन पेन वापरले. कधी एकतीस, कधी तीस, कधी बत्तीस. मनाला सांगितलं, आपण पैसा खात नाही, केंद्र जगवतो आहोत. शिल्लक गोळ्या मी खरंच वाटत होतो. पण ते इंजेक्शन शिल्लक नव्हतं, आणि असतं तरी मला द्यायचा अधिकार नव्हता.

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दर महिन्याला दुकान बंद करून मुश्ताकला पहाटेच्या बसने नागपूरला नेत होत्या. ऑगस्टमध्ये वाटेत उमरेडला बस थांबली. मुश्ताक खाली उतरला आणि परत चढेना. बसमधल्या लोकांनी आरडाओरडा केला, कोणीतरी त्याला ढकललं. त्यानंतर तो बसमध्ये पाय ठेवेना.

सप्टेंबरच्या अठरा तारखेला तो घरातून गेला. तिसरा गुरुवारच होता. बाई दिवसभर गावभर फिरल्या. वनखात्याची माणसं काठ्या, फटाके घेऊन निघाली. संध्याकाळी पाचला वनरक्षक अंकुश आणि त्याचा एक सोबती त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आले. नाल्याच्या पलीकडे, ज्या वाटेने वाघीण जाते त्याच वाटेवर तो बसला होता. पायात चप्पल नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या.

"भाऊ, मले अर्ज लिवून द्या. आमदारसाहेबाले. गाडी येत नाई म्हणून विधानसभेत विचारा म्हणा."

मी लिहून दिला. माझं अक्षर चांगलं आहे. पथक एप्रिलपासून आलेलं नाही, हे वाक्य लिहिताना टेबलाच्या खालच्या खणात रजिस्टर होतं. रजिस्टर कोण बघतो, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर सांगायची हिंमत नव्हती.

अर्ज द्यायला मी बाईंबरोबर गेलो. आमदारांचं ऑफिस निकेश नावाचा पोरगेला माणूस सांभाळायचा. अर्ज वाचून तो हसला.

"बाई, रोड मागा, समाजभवन मागा. लगेच होते. पागलांसाठी कोण निधी देते?"

"काऊन? पागल मत देत नाई म्हणून?"

"तसं नाई हो."

"मंग ऐक. आमच्या मोहल्ल्यातले शहाणे मत देतात ना? त्याहीले सांगतो मी, निकेशभाऊनं काय म्हटलं ते."

निकेशने अर्ज ठेवून घेतला. आमदारांनी तारांकित प्रश्न लावला, हे मान्य केलं पाहिजे. तारांकित म्हणजे ज्याच्यापुढे चांदणी असते आणि ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं, हे मी बाईंना समजावलं. त्यांनी मशीनवरच्या फळीवर खडूने एक चांदणी काढून ठेवली.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. गाद्या-रजयांचा हाच हंगाम, तरी बाईंचं लक्ष सगळं तिकडे. एका दुपारी निकेशने छापील उत्तर पाठवलं. त्या ते घेऊन मला दुकानात बोलवायला आल्या. मी तेव्हा नुकताच मानधनावरूनही मोकळा झालो होतो. कापसाच्या ढिगाजवळ स्टुलावर बसून मी वाचलं.

"तालुक्याच्या रुग्णालयात मानसिक आरोग्य पथक एप्रिलपासून आलेले नाही, हे खरे आहे काय? उत्तर : हे खरे नाही. पथकाने सात भेटी दिल्या असून दोनशे चौदा वेळा रुग्णांवर उपचार करण्यात आले आहेत. रुग्णांना उपचारासाठी नागपूरला जावे लागते, हे खरे आहे काय? उत्तर : प्रश्न उद्भवत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे… तुमचा प्रश्नच उरत नाही."

"मंग मी बसमंदी काय तमाशा पाहाले जात होती?" त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा केला. "सात भेटी कोणत्या? तारखा हायेत का?"

मागच्या पानावर तारखा होत्या. मी वाचत गेलो. अठरा सप्टेंबर आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"अठरा? त्या दिवशी तं मुश्ताक जंगलात होता."

मागच्या खोलीतून मुश्ताकचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"भाऊ, त्याचं नाव हाये का त्या दोनशे चौदात?"

"आहे."

"किती खेपा?"

"सातही वेळा."

"कोणं लिवलं?"

तेव्हा खोटं बोललो असतो तर कदाचित चाललं असतं. त्यांना वाचता येत नाही. पण माझी मान आपोआप खाली गेली आणि त्यांना कळलं.

त्या ओरडल्या नाहीत. अंगावरचा कापूस झटकून उभ्या राहिल्या आणि दार दाखवलं. मी पायरी उतरल्यावर मागून म्हणाल्या, "कंपाउंडर, तुमी माह्या देवराले कागदावर बरा केला. आता त्याले कागदावरच जेवाले घालू का?"

त्या दिवसापासून मी भाऊचा कंपाउंडर झालो.

आठवड्याने त्या माझ्या ओसरीवर आल्या. हातात एक फोटो होता. वनखातं जंगलात झाडांना कॅमेरे बांधतं, वाघ मोजायला. समोरून काही गेलं की फोटो निघतो आणि खाली तारीख-वेळ छापली जाते. अंकुशने त्यांना एक प्रिंट काढून दिली होती. फोटोत मुश्ताक होता. अनवाणी, शर्टाची बटणं उघडी, कॅमेऱ्याकडे बघत. खाली अठरा सप्टेंबर, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं.

"वाघाची हजेरी फोटो काढून लावतात," बाई म्हणाल्या, "अन् माणसाची कंपाउंडर घरी बसून लावते. निकेश म्हणते, फोटो एकटा चालत नाई. रजिस्टर ज्यानं लिवलं त्याची लेखी पाह्यजे. लिवा."

"बाई, मला विचार करू द्या. चौकशी लागेल. पेन्शन…"

"करा विचार. मी बसतो."

त्या खरोखर बसल्या. रोज सकाळी यायच्या, ओसरीच्या पायरीवर तासभर बसायच्या. येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं बाई? त्या सांगायच्या, "काई नाई, कंपाउंडर विचार करून राह्यले." माझ्या बायकोने पहिल्या दिवशी चहा नेला तर घेतला नाही. बायको मला म्हणाली, लिहू नका, म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढाल. दुसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, लिहून टाका बाबा, मला विहिरीवर तोंड दाखवता येत नाही.

तरी मी महिनाभर लांबवलं. तेवढ्या दिवसांत मुश्ताकचं इंजेक्शन नाहीच. खासगी जीपने एकदा नेऊन बघितलं, तो दार उघडून उडी मारायला निघाला. मकरसंक्रांत होऊन गेली. एका सकाळी बाई आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात सुतळीला बांधलेली किल्ली होती. कपाळावर खरचटलेलं.

"मुश्ताकले कुलूप लावून आली," त्या म्हणाल्या. "आतून डोकं आपटून राह्यला. त्याची माय मरताना मले म्हणे, याले बांधजो नोको. आज बांधला. लवकर लिवा."

मी कागद घेतला. एक पान झालं. मी लिहिलं की पथक आलं नसताना रजिस्टरमध्ये माझ्याकडून नजरचुकीने नोंदी झाल्या. बाईंनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला नाही. आमच्या गल्लीतली कॉलेजात जाणारी करिष्मा चालली होती, तिला हाक मारून वाचायला लावला. नजरचुकीने आल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"हे खोडा."

"बाई, ती लिहायची पद्धत असते," मी म्हणालो.

"सात महिने दोन-दोन पेनं घेऊन बसले ना तुमी? मंग नजर कुठी चुकली? खोडा. माईत असून लिवलं, असं लिवा. अन् फोन कोणाचा आल्ता तेही लिवा."

मी खोडलं. वर लिहिलं, 'माहीत असून'. फोनचंही लिहिलं. मग सही केली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मार्चच्या अधिवेशनात आमदारांनी माझं पत्र आणि तो फोटो जोडून पुन्हा विचारलं. उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे. रिक्त पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे.' निकेशने ते वाचून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, "अंशतः म्हंजे किती? मुश्ताकचा एक हात जंगलात होता का?" पद अजून रिकामं आहे. फोन करणाऱ्या साहेबांची बदली झाली, म्हणे बढतीवर. मला मात्र नोटीस दहा दिवसांत आली. चौकशी चालू आहे. तिच्याबद्दल मी रडगाणं गाणार नाही. पण आकडा शून्य गेला तर केंद्र बंद, आणि खोटा गेला तर प्रश्न उद्भवत नाही, असा कायदा करणाऱ्यांना एखादा महिना मुश्ताकच्या मागच्या खोलीत बसवावं, असं मला वाटतं. राग काढायचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही.

एक झालं. पद भरेपर्यंत ते इंजेक्शन आमच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी द्यावं, असं पत्र आलं, आणि औषधही आलं. मार्चच्या तिसऱ्या गुरुवारी मुश्ताकला अंकुशने आणि आणखी दोघांनी धरून आणलं. एप्रिलमध्ये तो बाईंबरोबर पायी आला. मे महिन्यात मी मशीनची घरघर पुन्हा ऐकली.

आता तिसऱ्या गुरुवारी बाई दुकान उघडायच्या आधी रुग्णालयात जाऊन बसतात. माझ्या जागी साधना नावाची नवी मुलगी आली आहे. बाई तिच्या टेबलाशेजारी उभ्या राहतात आणि पेशंटला सुई टोचून झाल्याशिवाय तिला पेन उचलू देत नाहीत. प्रत्येक ओळ लिहिली की कोणाकडून तरी वाचून घेतात. डॉक्टर वैतागतात. बाई हटत नाहीत.

गेल्या गुरुवारी मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो. रांगेत उभा होतो. साधनाने मला ओळखलं, उठून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, तुम्ही बसा, मी नाव लिहून घेते, गोळ्या मागून देते."

बाईंनी तिच्या पेनावर हात ठेवला.

"याहीचं नाव गोळ्या हातात दिल्यावर लिवजो, बेटा," त्या सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "याहीले न घेता लिवाची सवय हाये."

लोक हसले. मुश्ताकही हसला, बाकावरून. मी गोळ्या मिळेपर्यंत रांगेत उभा राहिलो.