भाताच्या गिरणीतली रिंग

आमच्या बॉक्सिंगच्या क्लासमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट विश्रांती मिळते आणि नेमकं त्याच मिनिटात कोणाला तरी काहीतरी आठवतं. पण तेव्हा तोंडात दात वाचवायचं गमशील्ड असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला अर्धंच कळतं. मग क्लास सुटल्यावर तोच किस्सा पुन्हा सांगावा लागतो आणि दुसऱ्या खेपेला तो थोडा वाढलेला असतो. मी स्वतः फारशी बोलत नाही. त्यामुळे सगळ्यांचे किस्से माझ्याकडे येऊन पडतात आणि तिथेच राहतात. आता आत जागा उरली नाही, म्हणून लिहून काढते आहे.

*

आमचा क्लास खालापूरच्या अलीकडे एका भाताच्या गिरणीच्या गोदामात भरतो. शिकवणारे भोईर सर खोपोलीला कारखान्यात आहेत. त्यांची शिफ्ट बदलली की आमची वेळ बदलते.

गोदामात चार लोखंडी खांब आहेत. सरांनी त्यांनाच दोर बांधले आणि रिंग झाली. ती केवढी असावी हे सरांनी ठरवलेलं नाही, गिरणी बांधणाऱ्या गवंड्याने ठरवलं. आमच्या घरातली पुढची खोली तिच्यापेक्षा मोठी आहे. दोन पावलं मागे गेलं की पाठीला दोर लागतो. म्हणून आमच्याकडे मागे जायला शिकवतच नाहीत. सगळे एकाच पद्धतीने लढतात. हात गालाला लावायचे, हनुवटी खाली, आणि समोरच्याला चिकटून पोटात मारत राहायचं.

दिवाळीनंतर भात यायला लागतं. मालक रिंगच्या एका कोपऱ्यात पोती रचतात. थप्पी वाढते, तशी रिंग लहान होते. एकदा एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले, की पोरांना हलायलासुद्धा जागा नाही.

सर म्हणाले, "पोरांना हलायचं कशाला हाय? समोरच्याला हलवायचं हाय."

*

मी बॉक्सिंग शिकायला गेलेच नव्हते. माझी मैत्रीण नाझिया शिकायला गेली होती. तिच्या अब्बांचं खोपोलीच्या शिळफाट्यावर चपलांचं दुकान आहे. एकटीने जायचं नाही, असं तिला घरून सांगितलं होतं, म्हणून मी सोबत. मी पोत्यांवर बसून गृहपाठ करायचे.

एक दिवस सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "हात पुढं कर."

मी केले. त्यांनी नाझियाचे हात शेजारी धरायला लावले.

"तुझे आखूड हायेत," सर म्हणाले.

हे मला माहीत होतं. आमच्या घरी वरच्या फळीवरचा डबा काढायला मला कोणी सांगत नाही.

"चांगलं हाय," सर म्हणाले.

हे मला माहीत नव्हतं.

"लांब हातवाल्या लांबून टपल्या मारतात. तुला ते परवडणार नाय. तू आत शिरायचं. इतकं आत, की तू सकाळी काय खाल्लंस ते तिला कळलं पाहिजे."

मी कोणाच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते. वर्गात मी बाकाच्या टोकाला बसते. फोटोत कडेला उभी राहते. बऱ्याच फोटोंत माझा एकच खांदा आहे.

*

दुसऱ्याच आठवड्यात सरांच्या लक्षात आलं की मी आत शिरते, पण कोणाचा श्वास लागला की लगेच बाहेर येते. त्यांनी मला वेगळा व्यायाम दिला.

"उद्यापासून सायकल बंद. मिनिडोरनं ये. मधल्या सीटवर बसायचं. कडेला बसलीस तर क्लासला येऊ नकोस."

आमच्याकडच्या मिनिडोरमध्ये, म्हणजे मोठ्या रिक्षात, किती माणसं बसतात, हे ड्रायव्हरच्या मनावर असतं. पहिल्या दिवशी माझ्या एका बाजूला मासळीची पाटी घेतलेली बाई होती आणि दुसऱ्या बाजूला लग्नाला निघालेले एक जाडे काका. दोघं माझ्या डोक्यावरून गप्पा मारत होते. मी श्वास धरून बसले. वळणावर काका अंगावर आले. मी दोन्ही कोपरं बरगड्यांना लावली, मुठी हनुवटीखाली घेतल्या आणि मान खाली घातली.

क्लासला पोचल्यावर सरांनी विचारलं, "कशी बसली होतीस? दाखव."

मी दाखवलं.

"ह्याला गार्ड म्हणतात," सर म्हणाले. "चल, हातमोजे घाल."

*

स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, माझी एक अडचण होती. ठोसा लागला की माझ्या तोंडून आपोआप "सॉरी" निघायचं. दर ठोशाला. नाझियाच्या बरगडीत हूक बसला, की "सॉरी". ती "असूदे गं" म्हणायला हात जरा खाली घ्यायची. तेवढ्यात माझा दुसरा हात आधीच निघालेला असायचा.

तिसऱ्या दिवशी नाझियाने हेडगार्ड काढून आपटलं. "सर, ही चीटिंग हाय! ही सॉरी बोलते, मी गार्ड खाली घेते, आन ही परत मारते!"

सरांनी हेडगार्ड उचलून झटकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की आता मला ओरडणार.

"नियमात रिंगमधी बोलायला बंदी हाय," ते म्हणाले. आवाजावरून त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "नायतर मी सगळ्यांना शिकवलं असतं."

*

आमची पंचिंग बॅग म्हणजे एकात एक घातलेली दोन पोती. आत भाताचा तूस आणि जुने कपडे. एकदा उंदरांनी ती खालून कुरतडली होती. नाझियाने कचकून हूक मारला आणि बॅग फाटली. सगळा तूस तिच्या डोक्यावर!

तुसात थोडेफार दाणे राहिलेले असतात. मालकीणबाईंच्या कोंबड्यांना हे कसं कळलं कोण जाणे. त्या दारातून थेट आत आल्या आणि नाझियाच्या पायांमधून शिरल्या. तिने एकीला पायाने बाजूला केलं, ती दुसऱ्या बाजूने आली.

सरांनी क्लास थांबवला. "सगळ्यांनी बघा. पाय बारीक-बारीक टाकतायत. मान पुढं, डोळा दाण्यावर. एक तरी कोंबडी लांब उभी राहून इचार करते का?"

नाझियाच्या केसांत, कानांत, सगळीकडे तूस होता. ती म्हणाली, "पण सर, ह्यांना कोणी उलट मारत नाय ना!"

"रविवारी मारतात," सर म्हणाले.

*

डोकं हलवायच्या सरावासाठी सरांनी खांद्याच्या उंचीवर एक दोरी बांधली आहे. तिच्या खालून वाकत, या बाजूने त्या बाजूला जात पुढे सरकायचं. पावसाळ्यात मालकीणबाईंना कपडे वाळवायला जागा नव्हती. त्यांना दोरी दिसली. त्यांनी चादरी टाकल्या. गोदाम त्यांचंच, त्यामुळे सर काही बोलले नाहीत. आम्ही ओल्या चादरींखालून सराव करायला लागलो.

त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याखाली निळं झालं होतं. आई खोपोलीला पॅकिंगच्या कामाला जाते. एक दिवस ती कामावरून परस्पर क्लास बघायला आली. ती दारात उभी राहिली आणि समोरच्या चादरीखालून मी बाहेर आले.

आईने माझ्याकडे बघितलं, मग चादरीकडे.

"मने! कुणाच्या धुतलेल्या चादरीला केसांचं तेल लावलंस!"

डोळ्याचं तिने नंतर विचारलं. मग ती सरांशी बोलली. "सर, पुढच्या जूनपासून हिची दहावी. गणिताचा क्लास लावलाय, संध्याकाळचा. दोन्ही नाय जमायचं. हिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तर हे चालू ठेवू. नायतर जूनपासून बंद."

"होईल की निवड," सर म्हणाले.

"कशावरून?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी चादरीकडे बघितलं.

तोपर्यंत मी स्वतःला नाझियाची सोबतच समजत होते. "बंद" हा शब्द कोणाच्याही ठोशापेक्षा जोरात लागला. मी कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी बॅगेला जरा जास्त मारलं.

*

निवड चाचणीच्या आधी सर आम्हाला सरावासाठी पनवेलकडच्या एका मोठ्या क्लबात घेऊन गेले. तिथे आम्ही पहिल्यांदा पूर्ण मापाची रिंग बघितली.

नाझिया आधी चढली. हात गालाला, हनुवटी खाली, बारीक पावलं. समोरची मुलगी मागे गेली. नाझिया पुढे. ती आणखी मागे गेली. एव्हाना आमच्याकडे दोर लागला असता! इथे दोर यायलाच तयार नाही. ती मुलगी गोल गोल फिरत राहिली आणि जाता जाता नाझियाच्या कपाळावर टपल्या मारत राहिली.

नाझिया धापा टाकत कोपऱ्यात आली. "सर, ती सापडतच नाय! रिंग हाय का क्रिकेटचं मैदान हाय?"

माझं काही वेगळं झालं नाही. परतताना टेंपोत सर वहीत रिंगचं माप लिहीत होते. आमच्या सगळ्या शिक्षणात खरी रिंग केवढी असते तेच राहून गेलं होतं, हे त्यांना आणि आम्हाला एकदमच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात त्यांनी चार खुंट्या ठोकून मोठी रिंग आखली. एकीने पळायचं, दुसरीने पकडायचं. आम्ही तासभर एकमेकींच्या मागे धावलो. कोणी कोणाला सापडलं नाही.

तेव्हा मी सरांशी आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलले. "सर, आमचं वासरू दावं तोडून पळतं ना, तेव्हा बाबा त्याच्या मागे धावत नाहीत, वासरू ज्या बाजूला जाणार त्या बाजूला आधी जाऊन उभे राहतात, मग ते आपोआप गोठ्याच्या कोपऱ्यात जातं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली ढेकळांकडे बघायला लागले.

सर म्हणाले, "नाझिया, आजपासून तू वासरू."

"मी का? वासरू तिच्या घरचं हाय!"

*

निवड चाचणी कर्जतला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आईने रजा टाकली. चांगली साडी नेसून ती पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिने माझी लढत कधी बघितली नव्हती. मला सकाळपासून घास गेला नव्हता.

माझं नाव पुकारलं. मी लाल कोपऱ्यातून रिंगमध्ये गेले. निळा कोपरा रिकामा होता. त्या मुलीचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं, कोणी आलं नाही. माझ्या वजनगटात आम्ही दोघीच होतो. रेफ्रींनी माझा हात धरून वर केला.

झालं. मी जिंकले. जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली. टाळ्या एकट्या नाझियाने वाजवल्या.

मी आईकडे बघितलं. अशी निवड धरायची की नाही, हे आमच्यात ठरलं नव्हतं. आई उठली. मला वाटलं, आता घरी नेणार आणि सगळं संपलं.

ती पंचांच्या टेबलाकडे गेली.

"ही काय लढत झाली?"

तिथले साहेब हसून म्हणाले, "ताई, समोरची मुलगी आली नाही. तुमची मुलगी जिंकली."

"हिनं मारलं कुणाला?"

"मारायची गरजच नाही. नियम आहे तसा."

"असूदे नियम. मी रजा टाकून आले. पोरगी सकाळधरनं जेवली नाय. हिला कुणाशी तरी लावा."

साहेब कागद उचलून दुसऱ्या टेबलाकडे निघाले. आई त्या टेबलाशी आधीच उभी होती. ते दाराकडे वळले. आई दाराच्या बाजूला सरकली. तिने आवाज चढवला नाही, हात उचलला नाही, फक्त एक-एक पाऊल पुढे येत राहिली. साहेब मागे सरकत फळ्याला टेकले.

सर माझ्या कानाशी वाकले. "बघून ठेव."

"बरं, बरं!" साहेब म्हणाले. "वरच्या वजनगटातली एक मुलगी पण अशीच बसून आहे. दोघींची प्रदर्शनी लढत लावतो. पण तिचा निकाल लागणार नाही, सांगून ठेवतो."

"निकाल माझा मी बघते," आई म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

ती मुलगी माझ्यापेक्षा डोकंभर उंच होती. पहिल्या राउंडमध्ये तिने मला लांबूनच धुतलं. माझं नाक लाल झालं. दुसऱ्या राउंडमध्ये मी तिच्या मागे जायचं सोडून दिलं आणि वाट अडवायला लागले. तिसऱ्यात ती एकदाची कोपऱ्यात सापडली. माझं डोकं तिच्या छातीला लागलं होतं. तिने सकाळी पोहे खाल्ले होते. मी दोन्ही हातांनी तिच्या पोटात मारत होते आणि एकदाही सॉरी म्हणाले नाही. मग लढत संपली. आम्ही हात मिळवले. निकाल नाहीच लागला.

परतताना एसटीत मी आईशेजारी बसले. पळसदरी मागे पडली. मग तिने पर्समधून मोबाइल काढला आणि गणिताच्या क्लासला फोन लावला.

"सर, तुमची सकाळची बॅच हाय का? ... नाय, संध्याकाळी तिला वेळ नाय."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"ती कोपऱ्यात अडकली होती, तवा तू थांबलीस कशाला?"

"घंटा झाली होती, आई."

आईने पर्सची चेन लावली.

"मला नाय ऐकू आली," ती म्हणाली.