पेट्रोलमध्ये भिजत घातलेल्या नळ्या

हर्सूलला आमच्या समोर राहणारे काका निवृत्त झाल्यापासून एक जुनी जीप नव्यानं उभी करतायत. इंजिन झालं, रंग झाला, पण टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारी नळी कुठली घालावी, हे काही ठरेना. काका प्रत्येक नळीचा तुकडा आधी हुंगायचे, मग दातानं दाबून बघायचे आणि शेवटी पेट्रोल भरलेल्या बरणीत बुडवून झाकण घट्ट लावायचे. वर चिठ्ठी: 'लोणचं नाय.'

जीप रस्त्यात आडवी. एकदा कॉलनीचे अध्यक्ष तणतणत आले. "ही हलणार कधी?"

"नळी पास झाली की. आजकालच्या पेट्रोलात इथेनॉल असतं साहेब, साधं रबर फुगतंय त्यानं. चालत्या गाडीत फुटलं तर खेळ खल्लास."

"सगळे बहाणे!" म्हणत अध्यक्षांनी औरंगपुऱ्यातून स्वतःच नळी आणून दिली. काकांनी ती अदबीनं घेतली, हुंगली, चावली आणि बरणीत सोडली.

काही दिवसांनी त्यांनी अध्यक्षांना चहाला बोलावलं आणि नळी त्यांच्याच हातात ठेवली. अध्यक्षांनी जरा वाकवली, तर तुकडाच पडला.

"माझ्या जुन्या स्कूटरला मी हीच टाकलीय हो," ते पुटपुटले.

काका हसले नाहीत. चहा तसाच ठेवून पाना घेऊन उठले आणि त्यांनी बाहेर रस्त्यात उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या स्कूटरची नळी तिथल्या तिथं काढून टाकली.

आता रस्त्यात दोन गाड्या आडव्या आहेत. तक्रार करायला जावं, तर अध्यक्ष काकांच्या ओट्यावर नळ्या हुंगत बसलेले असतात.